तुम्ही विचारलंत म्हणून : हे जुनं ठाणं मिळतं कुठून?

मी ठाण्यातल्या नाक्यांचे, रस्त्यांचे, तलावांचे छोटे व्हिडिओ करते. आधी त्या जागेचं जुनं चित्रण, मग तिथेच उभं राहून घेतलेलं आजचं. ते पाहिलेलं कोणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला : "हे जुनं तुम्हाला मिळतं कुठून?" कुठल्याशा सरकारी दफ्तरात ठाण्याच्या रिळांनी भरलेलं कपाट असणार आणि माझा तिथे वशिला असणार, असा बहुतेकांचा समज.

वशिला नाही. मला जुनं ठाणं सापडतं ते लोकांच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये.

सरकारी चित्रण आहे, नाही असं नाही. फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली सुरू झालं आणि सिनेमाआधी थिएटरात सक्तीने दाखवली जाणारी त्यांची समाचारचित्रं आपल्या आईवडिलांनी ढीगभर पाहिली. मी पाहिली त्यांत मुंबई भरपूर आहे. पण समाचारचित्राला मंत्री लागतो, उद्घाटन लागतं, धरण लागतं. जांभळी नाक्यावर मेथीची जुडी उलटीपालटी करून बघणारी बाई ही काही बातमी नव्हे. नवी मुंबईचं त्या मानाने बरं चाललं. १९७० मध्ये ते शहर वसवायला सिडको ही सरकारी संस्था आली, शहर आधी कागदावर उभं राहिलं, त्यामुळे तिथे नकाशे आणि फोटोंची सवय पहिल्यापासूनच. ठाणं आपलं आपण वाढत गेलं, त्याचं चित्रण करून ठेवावं असं कोणाला वाटणार?

आणि ठाण्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रसंग घडला तेव्हा सिनेमाचा कॅमेराच नव्हता. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. एप्रिल उजाडला की कोणीतरी मला त्या गाडीचा 'ओरिजिनल व्हिडिओ' फॉरवर्ड करतंच. ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून हलती चित्रं दाखवली ती १८९५ च्या डिसेंबरात. मुंबईत वॉटसन हॉटेलात ती आली ७ जुलै १८९६ ला. तोवर गाडी येऊन चाळीसहून जास्त वर्षं उलटली होती. मग त्या व्हिडिओत धूर सोडत येतं ते काय, हे पाठवणाऱ्यालाच ठाऊक.

तर, कॅसेट. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून दोन हजारच्या थोडं पुढेपर्यंत मध्यमवर्गीय घरात लग्न झालं की व्हीएचएसवर शूटिंग व्हायचंच. त्यातला बराच भाग कार्यालयातला असतो : अक्षता, पंगत, आहेराची न संपणारी रांग. वरातीचंही मला फारसं काही मिळत नाही. हातगाडीवर जनरेटर, एका पोराच्या हातात सनगन, म्हणजे शूटिंगचा झगझगीत दिवा, उजेडात नवरदेवाचं घामेजलेलं कपाळ आणि मागे मिट्ट काळोख. मी वाट बघते ती दुसऱ्या दिवसाची. नवं जोडपं कोपिनेश्वराच्या दर्शनाला जातं आणि तिथून व्हिडिओवाला त्यांना 'गाण्याचे शॉट' घ्यायला तलावपाळीवर, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठावर आणतो. दोघं कठड्याच्या कडेने चालत येतात. तिला शालू सावरताना मान वर करता येत नाही, त्याला हात कुठे ठेवायचा ते कळत नाही. आणि त्यांच्या मागे अख्खी तलावपाळी आपल्या नादात चालू असते.

एका कॅसेटमधला शॉट मला तोंडपाठ आहे. जोडपं डावीकडे उभं. उजवीकडे भेळवाला कागदाचा पुडा वळतोय. वळता वळता त्याची नजर वर जाते, कॅमेरा दिसतो, आणि तो एका हाताने टोपी सरळ करतो. मागे होडीच्या रांगेत एक आजोबा नातवाला दंडाला धरून उभे, पोराचा एक पाय कठड्यावर. एवढ्यात कडेने बदामाच्या आकाराची चौकट येते. जोडपं बदामात राहतं; भेळवाला, आजोबा, होड्या, पाणी सगळं काळ्या रंगाखाली जातं. नव्वदच्या दशकातल्या मिक्सिंगवाल्यांनी त्या बदामापायी निम्मं ठाणं पुसलं. मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

कॅसेट मिळतात त्या ओळखीने. "अगं, माळ्यावर पडलीय बघ, चालते का," म्हणत कोणी काकू पिशवी हातात देतात. आपल्या दमट हवेत टेपवर पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली तर हेड खराब होतं आणि टेपही तुटते, म्हणून आधी कॅसेटच्या खिडकीतून रीळ उजेडात तपासायचं. तुमच्याकडे असेल तर 'लावून तर बघू' म्हणू नका, आधी साफ करून घ्या. घरच्यांशी माझा करार साधा असतो : पूर्ण कॅसेटची डिजिटल प्रत त्यांना, मागच्या गर्दीचे तुकडे मला, आणि घरातलं कोणी ओळखू येत असेल तर विचारल्याशिवाय वापरायचं नाही. काही लग्नं टिकलेली नसतात. काही माणसंही.

कोपऱ्यातल्या तारखेवर मी विसंबत नाही. कॅमेऱ्यातली बॅटरी गेली की घड्याळ वाट्टेल ते दाखवतं. त्यापेक्षा रस्ता खरं बोलतो. टीएमटीची, म्हणजे ठाणे महापालिकेची बस दिसली तर १९८९ किंवा पुढचं. गाडीच्या पाटीवर एमएच-०४ असेल तरी तेच. पांढरी-जांभळी लोकल असेल तर २००७ च्या मागे जाता येत नाही. गडकरी रंगायतन हे नाट्यगृह १९७८ चं, म्हणजे कोणाच्या आजोबांच्या आठ मिलिमीटरच्या रिळात तलावाकाठी ते असायला हवं तिथे दिसलं नाही, तर रीळ त्याआधीचं.

नवीन शूटिंग ही त्याहून चिकट गोष्ट. रविवारी सकाळचा जुना रिकामा गोखले रोड दाखवायचा आणि शेजारी शुक्रवारी संध्याकाळी सातचा आजचा, म्हणजे निव्वळ लबाडी. असे व्हिडिओ धो धो चालतात, खाली "गेले ते दिवस" लिहायला गर्दी होते. मी वार, वेळ आणि ऋतू जुळेपर्यंत थांबते. सावल्यांवरून वेळ कळते, छत्र्यांवरून महिना. मोबाइलची साधी लेन्सही फसवते, ती रस्ता असतो त्याहून रुंद आणि गर्दी असते त्याहून विरळ दाखवते; म्हणून मी झूम करून, खांद्याच्या उंचीवरून घेते. जुनी चौकोनी चौकट ताणून लांबट करत नाही. ड्रोन का नाही, असंही विचारतात. वरून टॉवर दिसतात. माणूस कठड्यावर पाण्याकडे तोंड करून बसलाय की रस्त्याकडे, ते दिसत नाही आणि मला तेच बघायचं असतं.

एवढं जुळवल्यावर 'जुनं बरं की नवं' हा प्रश्न माझ्यापुरता तरी अवघड होतो. स्टेशनच्या पश्चिमेला सॅटिसचा, म्हणजे बस वरून नेणारा पूल नव्हता तेव्हा डोक्यावर आकाश होतं, आणि त्या आकाशाखाली बस, रिक्षा आणि माणसं एकमेकांच्या अंगावर येत होती. आता बस वर, रिक्षा खाली, आणि खाली भर दुपारी अंधारलेलं. तलावपाळीवर माझ्या जुन्या कॅसेटमध्ये दिवेलागणीनंतर बायका दिसतात त्या नवऱ्याबरोबर, नाहीतर पोराला घेऊन. आज त्याच वेळी, त्याच कठड्यावर कॉलेजच्या मुलींचे घोळके निवांत बसलेले असतात, कोणाचीही वाट न बघता. हा फरक मला एकट्या आजच्या चित्रणात कधी दिसला नसता.

काळजी आहे ती पुढच्यांची. आता जोडपी प्री-वेडिंगला लोणावळ्याला जातात, नाहीतर सेटवर. आणि इथे शूटिंग झालंच तरी मागचं सगळं मऊ, धूसर करायची फॅशन आहे. म्हणजे बदाम गेला तरी भेळवाला पुसलेलाच. म्हणून ओळखीच्या व्हिडिओवाल्यांच्या मी मागे लागते : हॉलबाहेर पडलात की एकदा तरी कॅमेरा सगळा स्पष्ट ठेवून फिरवा. घोडबंदर रोडला मेट्रोच्या खांबांखाली रस्ता ओलांडायला थांबलेली माणसं घ्या, हार विकणारी बाई घ्या, दुकानांच्या पाट्या घ्या. दोघे-तिघे ऐकतात. बाकीचे म्हणतात, "ताई, पार्टी याचे पैसे देणार नाही."