त्सोलफेराइनचा बारा नंबर

रविवार, रात्र

भारतातून कुणी आलं की इथली, जर्मनीतल्या एसेनची त्सोलफेराइन कोळसा खाण दाखवायची, हा आता घरचा रिवाजच झालाय. आज मामा-मामींना नेलं. बारा नंबरच्या शाफ्टवरच्या, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीवरच्या, त्या 55 मीटर उंच लोखंडी मनोऱ्यापुढे फोटोंचा सपाटा झाला. आहेच तो फोटो काढण्याजोगा. फ्रिट्झ शुप आणि मार्टिन क्रेमर या वास्तुकारांनी आखलेलं हे बारा नंबरचं सगळं 1932 मध्ये सुरू झालं. लाल विटा, पोलादी चौकटी, रेघ न् रेघ मोजून मारलेली. 2001 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं, ते काही उगाच नाही.

मला मात्र दर वेळी एकच गोष्ट खुपते. या शाफ्टनं माणसं खाली जातच नव्हती! दिवसाला 12,000 टन कोळसा वर यायचा, बस्स. माणसांची ये-जा पलीकडच्या जुन्या शाफ्टनी. फ्रान्झ हानिएल या उद्योजकानं 1847 मध्ये खाण काढली ती तिकडेच.

म्हणून मी पाहुण्यांना हट्टानं तिकडे नेते. कामगारांच्या न्हाणीघरात आता नृत्याचं केंद्र आहे, भिंतींवरच्या फरश्या अजून जुन्याच. अशा न्हाणीघरांत कपाटं नसायची. प्रत्येकाला एक आकडा आणि साखळी. कपडे आकड्याला लावायचे, साखळी ओढून थेट छताशी चढवायचे आणि खाली कुलूप घालायचं. वर गरम हवा, त्यामुळे घामानं भिजलेले कपडे पुढच्या पाळीपर्यंत खडखडीत. पाठीवरच्या काजळीला स्वतःचा हात पोचत नाही, मग शेजाऱ्याची पाठ आपण घासायची, आपली त्यानं. मामींना ही गोष्ट मनोऱ्यापेक्षा जास्त आवडली.

23 डिसेंबर 1986, ऐन नाताळच्या तोंडावर खाण बंद झाली. कोळसा भाजून कोक करणाऱ्या भट्ट्या 1993 पर्यंत धगधगल्या.

बारा नंबर मात्र लगेच बुजवला नाही, तिथून खाणीतलं पाणी उपसायचं होतं. शिवाय खालचा कोळसा काढून काढून रूर या आमच्या खाणपट्ट्यातली जमीन काही ठिकाणी वीसेक मीटर खचलीय. पावसाचं पाणी आपणहून नदीला जात नाही, पंपानं चढवावं लागतं. पंप थांबले तर वस्त्याच्या वस्त्या पाण्यात. मामा पडले हिशेबी, त्यांनी लगेच विचारलं, "पैसे कोण भरतं?" त्यासाठी 2007 मध्ये एक प्रतिष्ठान काढलंय. एका रसायन कंपनीचे शेअर त्यांच्याकडे आहेत, त्या उत्पन्नातून हे पंप चालतात. आणि ते कायम चालवायचेत.