भट्टीचं तापमान नाचत होतं तेव्हा

भोसरीतल्या एका हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये मी इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. प्रेस टूलच्या डाय, म्हणजे पत्रा कापायचे-दाबायचे साचे, हार्डनिंगला (तापवून कडक करायला) येतात, बहुतेक डी-टू या टूल स्टीलच्या. त्यांच्यासाठी विजेवर चालणारी चेंबर भट्टी १०२० अंशांवर धरावी लागते. एका उन्हाळ्यात या भट्टीच्या कंट्रोलरवरचा आकडा नाचायला लागला. १००५, लगेच १०३१, परत १०१२. तापमान मोजणारं थर्मोकपल बदलून झालं, कंट्रोलर बदलून झाला, नाच तसाच.

भट्टीवरच्या काकांना विचारलं, हे पहिल्यापासून असंच करतं का? ते म्हणाले, "नाही हो. गार भट्टी चालू केली की मस्त सरळ चढतं. आठशेच्या पुढं गेलं की सुरू होतं."

अर्धं उत्तर इथंच मिळालं. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारांची जोडी, तापमानातल्या फरकानुसार ती व्होल्टेज देते. आमचं के टाइपचं, ते एका अंशाला जेमतेम ४० मायक्रोव्होल्ट देतं. त्याच्याभोवतीची सिरॅमिक नळी गार असताना उत्तम इन्सुलेटर असते, पण लालबुंद झाली की तिचा रोध झपाट्यानं उतरतो. भट्टीच्या विटांचंही तेच. शेजारी हीटरला ४१५ व्होल्ट. त्यातली थोडीशी गळती थर्मोकपलच्या तारांत शिरली तरी एवढ्या इवल्या सिग्नलचं काय होणार?

मल्टिमीटर एसीवर टाकून थर्मोकपलची लीड आणि अर्थ यांच्यात धरला, तर चक्क काही व्होल्ट दिसले. मग हीटरची वीज चालू-बंद करणाऱ्या थायरिस्टरच्या पल्स काही सेकंद बंद केल्या. त्याच क्षणी आकडा जागेवर थांबला. एवढी मोठी भट्टी काही सेकंदांत गार होत नाही, म्हणजे नाचत होती ती वीज, तापमान नव्हे. माझ्या मते नवं थर्मोकपल मागवण्याआधी ही तपासणी करायलाच हवी, खर्च शून्य आहे.

इन्कोनेलच्या (उष्णता सोसणाऱ्या निकेल मिश्रधातूच्या) आवरणाचं थर्मोकपल बसवलं आणि ते आवरण अर्थ केलं. सिग्नल केबल हीटरच्या पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमधून जात होती, ती वेगळी काढली. केबलचं शील्ड, म्हणजे तारांभोवतीचं धातूचं वेष्टन, फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थ केलं. आकडा शांत झाला.

पण डायचा कडकपणा कमी यायला लागला होता, तो सुधारेना, आणि दुपारच्या लॉटमध्ये तर जास्तच. डी-टू जास्त तापलं की त्यात ऑस्टेनाइट हा मऊ घटक शिल्लक राहतो आणि कडकपणा उलट घटतो. म्हणून कॅलिब्रेट केलेलं थर्मोकपल शेजारी घालून बघितलं. कंट्रोलर १०२० दाखवत होता, भट्टी होती १०५० च्या आसपास.

मग केबल हातानं चाचपत निघालो. भट्टीच्या भिंतीवरच्या जंक्शन बॉक्सपासून पलीकडच्या खांबापर्यंत कोणीतरी कधीतरी साधी तांब्याची वायर जोडली होती. वर टेप गुंडाळलेली, त्यामुळे बाहेरून काहीच कळत नव्हतं. अशा वेळी खिशातलं लोहचुंबक कामी येतं: के टाइपच्या दोन तारांपैकी ऋण तार, अ‍ॅल्युमेलची, चुंबकाला ओढली जाते. मूळ केबलवर ओढ लागली. या तुकड्यावर दोन्ही तारा ढिम्म.

दोन टोकं एकाच तापमानाला असती तर या तुकड्यानं काही बिघडलं नसतं. पण भट्टी तापून भिंत गरम झाली की बॉक्समध्ये ७० अंश आणि खांबाजवळ ४०. दोन्ही तारा तांब्याच्याच, त्यामुळे त्यांच्यात या फरकाचा सिग्नल तयारच होत नाही. मधला ३० अंशांचा फरक रीडिंगमधून गायब. कंट्रोलरला भट्टी थंड वाटायची आणि तो हीटर ओढत राहायचा. सकाळी भिंत गार असते, म्हणून सकाळचे लॉट त्यातल्या त्यात बरे निघत होते.

मधला जोड काढून सलग हिरव्या-पांढऱ्या तारांची, के टाइपचीच केबल टाकली आणि बॉक्स भिंतीवरून हलवून स्टँडवर घेतला. शेजारच्या थर्मोकपलशी फरक दोन-तीन अंशांवर आला आणि डाय परत मापात निघायला लागल्या. त्या केबलचं एक बंडल आता स्टोअरमध्ये कायम असतं, म्हणजे रात्रपाळीत केबल तुटली तरी हाताला तांब्याची वायर लागत नाही.