आंबोळगड, रथसप्तमी आणि आमचा फॅमिली ग्रुप

डिसेंबरात समुद्राला जायचं नाही, एवढ्या एका गोष्टीवर आमच्या घरात एकमत आहे. नाताळच्या सुट्टीत ताम्हिणीत गाडीला गाडी लागते, आणि हरिहरेश्वरला मोदकासाठी रांगेत उभं राहायचं तर ती रांग डेक्कनला काय वाईट? म्हणून यंदा माघ. थंडी उतरणीला, आंब्याला मोहोर आणि सुट्ट्यांची गर्दी पांगलेली.

पण कुठे? दिराला तारकर्ली हवी होती, स्कूबा आणि पॅरासेलिंगसकट. जाऊबाईंना स्वयंपाकघराचं तोंड बघायचं नव्हतं, सासूबाईंना देऊळ हवं होतं आणि नवऱ्याला झोप. मी ग्रुपवर लिहिलं, ‘राजापूर तालुका. आंबोळगड.’

‘तिथे काय आहे?’ दिराचा मेसेज.

‘काही नाही.’

त्यावर तीन हसणारे चेहरे आले. मी मात्र अगदी गंभीरपणे लिहिलं होतं. करण्यासारखं काही असलं की आमच्या घरातली माणसं ते करायला निघतात. मग सकाळी आठला आवरून गाडीत, दुपारी जेवायला उशीर, आणि संध्याकाळी सगळे एकमेकांवर चिडलेले. आराम हवा असेल तर जागाच अशी निवडायची, की घराबाहेर पडायला फारसं कारण मिळू नये.

रत्नागिरीहून पावसमार्गे खाली यायला लागलं, की पूर्णगडची खाडी आणि गावखडीची सुरूची बाग मागे पडते आणि किनाऱ्याचा स्वभाव बदलतो. जांभ्याचा सडा, म्हणजे लाल दगडाचं पठार, सपाट, ओसाड आणि माघात वाळक्या गवताने पिवळा पडलेला. समुद्र कुठेतरी जवळ आहे हे कळतं, पण दिसत नाही. आणि मग सडा एकदम तुटतो. कशेळीची देवघळी अशीच आहे. वर उभं राहिलं की पायाखाली कडा, दोन्ही बाजूंना काळा खडक आणि मधे वाळूचा छोटासा तुकडा. लाट आत शिरते, आपटते आणि जाताना सगळं ओढून नेते. हे पोहायचं पाणी नाही. इथे कुणी जीवरक्षक बसलेला नसतो आणि मदत यायची तर गावातूनच येणार. त्यामुळे ग्रुपवर नियम आधीच टाकलाय. पाण्यात उतरायचं ते आंबोळगडच्या वाळूवर, तेही गुडघ्यापर्यंत. घळीत आणि खडकांवर फक्त बघायचं. दिराने अंगठा दाखवलाय, पण त्याच्या अंगठ्यावर माझा विश्वास नाही.

तारीख ठरवायला मात्र सासूबाई कामाला आल्या. मी म्हटलं, “आई, पौर्णिमेला जाऊ, चांदणं मिळेल.” त्या कॅलेंडर घेऊन बसल्या. त्यांचं माहेर देवगडकडचं, त्यामुळे भरतीचा हिशोब त्यांना तोंडपाठ. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. जे येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ, दिवसाची आणि रात्रीचीही. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा. भरतीपासून सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज हे सगळं पाऊण तासाहून थोडं जास्तच पुढे सरकतं.

“पौर्णिमेला काय गं, पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. भर दुपारी उधाण. तुमची पोरं तेव्हाच खडकावर जाणार,” त्या म्हणाल्या. “सप्तमीला बघ. सात त्रिक एकवीस, सव्वापाच. पहाटे सव्वापाचला भरली की साडेअकराच्या सुमाराला ओहोटी. शिवाय भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती, पाणी अंगावर येत नाही.”

मग थोडं थांबून, जणू आत्ताच सुचल्यासारखं, “आणि माघातली सप्तमी म्हणजे रथसप्तमीच की.”

म्हणजे हिशोब आधीच झालेला होता! कशेळीला कनकादित्याचं देऊळ आहे. सूर्याची देवळं आपल्याकडे मोजकीच, त्यातलं हे जुनं. शिलाहार राजा दुसरा भोज याचा ११९१ सालचा ताम्रपट या देवस्थानाकडे आहे. मूर्ती गलबतातून आली, गलबत इथे अडलं आणि मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली, अशी गावात सांगतात ती कथा. रथसप्तमीपासून तिथे उत्सव असतो. दरवर्षी आमच्या सिंहगड रोडच्या फ्लॅटच्या बाल्कनीत सासूबाई छोट्या बोळक्यात गोवरीवर दूध उतू घालवतात आणि खालचे काका धूर येतो म्हणून वर येतात. यंदा काकांनाही सुट्टी.

भांगाचा एक तोटा आहे. पाणी फार आत जात नाही, त्यामुळे लांबचे खडक उघडे पडणार नाहीत आणि मुलांना डबक्यातले खेकडे, समुद्रकाकड्या कमी दिसतील. मला ते चालेल. सकाळी उशिरा ओहोटीला खाली आणि संध्याकाळी भरतीच्या वेळी वर सड्यावर, लाटा कड्यावर फुटताना बघायला. एवढंच वेळापत्रक, आणि तेही समुद्राने ठरवलेलं, त्यामुळे कुणाला माझ्याशी भांडता येणार नाही.

उत्सवात मुंबई-पुण्याचे चाकरमानी गावी येतात, तेव्हा मुक्काम कशेळीत नको. आंबोळगडला एका घरगुती ठिकाणी फोन केला. काकूंचा पहिला प्रश्न, “शाकाहारी किती?” दुसरा, “मुलं टीव्ही मागतील काय? टीव्ही नाही हां.” मी म्हटलं, “काकू, मग नक्की.” सकाळी घावन किंवा आंबोळी, दुपारी जे मासे मिळतील ते, शाकाहारींना कुळथाचं पिठलं आणि सोलकढी. पाणी जपून वापरा, हेही त्यांनी बजावलं. पावसाळ्यात एवढं कोसळतं, पण जांभा ते धरून ठेवत नाही आणि उन्हाळा जवळ आला की विहिरी खाली जातात. आमच्याकडे अर्धा-अर्धा तास शॉवरखाली उभी राहणारी एक व्यक्ती आहे, तिला हे मी वेगळं सांगितलंय.

रस्ता कराडवरून मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली. चहा-जेवण धरून आठ-नऊ तास लागतील. पुण्याहून कोकण रेल्वे धरायची तर बहुतेक वेळा आधी पनवेल गाठावं लागतं, त्यापेक्षा गाडी बरी. घाटात धाकटीला मळमळतं, म्हणून मलकापूरला काही खायला द्यायचं नाही आणि तिला पुढच्या सीटवर बसवायचं. पुढची सीट सासूबाईंच्या गुडघ्यांसाठीही राखीव आहे. हा पेच सोडवायला दिराची गाडी.

सामानात मी एकाच गोष्टीवर अडून बसलेय, ती म्हणजे जुने बूट. स्लिपर नाहीत. भरतीच्या रेषेतल्या खडकांना कालवं चिकटलेली असतात. आतलं मांस सोडवून घेतलं तरी खालचा शिंपला तिथेच राहतो आणि त्याची कड ब्लेडसारखी लागते. वर हिरवं शेवाळ असलं की पाय घसरतो आणि आपण हात नेमका त्याच कालवांवर टेकतो.

थोरल्याला वायफाय नसल्याचं कळल्यावर तो रुसला होता. त्याला कातळशिल्पांचे फोटो दाखवले. कशेळीच्या सड्यावर कोरलेला प्रचंड हत्ती आहे, आणि त्याच्या पोटात बाकीचे प्राणी. २०२२ साली कोकणातली ही चित्रं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. देवाचे गोठणेच्या सड्यावर तर होकायंत्राची सुई भरकटते. आता तो लक्ष्मी रोडवर होकायंत्र शोधतोय, मोबाइलमधलं चालणार नाही म्हणतो. ही चित्रं उथळ कोरलेली असतात, डोक्यावर ऊन आलं की दिसेनाशी होतात, म्हणून पहाटे उठावं लागेल हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

काल रात्री दिराने पुन्हा विचारलं, ‘येताना मालवणला एक चक्कर टाकायची का? फक्त अर्धा दिवस.’ जाऊबाईंनीच उत्तर दिलं, ‘तू जा. येताना खाजा आण.’