शाळेचा ताबा परत मिळवताना

1 जानेवारी 2021 पासून कर्नाटकात दहावीचे वर्ग सुरू झाले आणि सहावी ते नववीच्या मुलांना ‘विद्यागम’साठी, म्हणजे शाळा बंद असताना लहान गटांत शिकवायच्या सरकारी योजनेसाठी, शाळेच्या आवारात बोलवायचं ठरलं. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या आमच्या सरकारी मराठी शाळेत तो दिवस गाठेपर्यंत माझा जीव नुसता खालीवर होत होता. कोविडची भीती होतीच, पण जास्त छळलं ते खोल्या निर्जंतुक केल्याच्या एका पत्रानं. मी तिथली मुख्याध्यापिका. तो राग अजून गेलेला नाही.

मे 2020 मध्ये आमची शाळा क्वारंटाईन केंद्र होती. मुंबई-पुण्याहून परतलेली माणसं शिनोळी-बाचीच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरून थेट आमच्या वर्गांत आणून ठेवली. परकी नव्हती ती, आमच्याच विद्यार्थ्यांचे बाप, काका, मामा. पंचायतीतून फोन आला, त्यांचा माणूस येऊन किल्ल्या घेऊन गेला. त्या घाईत कागद कुणी केला नाही, करायला सवडही नव्हती. केंद्र बंद झालं, किल्ल्या परत आल्या. खोल्या मात्र होत्या तशाच पडून राहिल्या. ऑगस्टमध्ये विद्यागम सुरू झालं तेव्हा आम्ही देवळाच्या ओवरीत आणि झाडाखाली मुलं बसवली, ऑक्टोबरमध्ये तेही थांबलं. त्यामुळे शाळेचं कुलूप उघडायची वेळ आली ती थेट डिसेंबरात.

शिक्षकांचे स्वॅब झाले, मास्क शिवून आले, थर्मल गन आली. संमतीपत्राचा नमुना कन्नडमध्ये होता. बऱ्याच आयांना तो वाचता येईना, म्हणून आम्ही पाठीमागे मराठीत मजकूर लिहून दिला आणि सह्या घेतल्या. (हे आधीच करा. न वाचता सही द्यायला घरचे कचरतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.)

अडलं ते निर्जंतुकीकरणाच्या पत्रावर. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सप्टेंबर 2020 च्या मार्गदर्शक सूचनेत स्पष्ट होतं की क्वारंटाईन केंद्र म्हणून वापरलेल्या शाळा सुरू करण्याआधी नीट निर्जंतुक आणि स्वच्छ केल्या पाहिजेत. शिक्षण खात्याच्या कचेरीतून सांगितलं, पंचायतीचं पत्र जोडा. पालकही तेच म्हणत होते, ‘बाई, त्या खोल्या धुतल्याशिवाय पोरं पाठवणार नाही.’ मी पंचायतीत गेले. तिथले क्लार्क म्हणाले, ‘शाळा आमच्या ताब्यात दिल्याचं पत्र दाखवा की. ताबाच घेतला नाही तर परत काय करायचं?’ आरोग्य केंद्रात गेले. ते म्हणाले, औषध आम्ही देतो, फवारणी पंचायतीची. पुन्हा पंचायत. फवारणीचं मशीन बाहेरगावी गेलंय. मशीन आलं तर माणूस नाही. माणूस आला तर साहेब नाहीत, उद्या या.

साहेब नसण्याला कारणही होतं. ग्रामपंचायतींची मुदत संपून प्रशासक नेमलेले, आणि 22 व 27 डिसेंबरला निवडणुका. मतमोजणी 30 ला, आणि शाळा 1 तारखेला. आमचीच शाळा मतदान केंद्र! मतदानासाठी दोन खोल्या झाडून, चुन्याचे गोल आखून, रांगेला दोर बांधून एका दिवसात तयार झाल्या. मतदारांसाठी जी खोली चालते ती सहावीच्या मुलींसाठी का चालत नाही, आणि चालत नसेल तर मतदारांना तिथं उभं का केलं, हा प्रश्न मी तिथल्या तिथं विचारला. कुणी उत्तर दिलं नाही. एवढी माणसं नाक्यावर, केंद्रांवर, मतदानाला राबली, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मुलांची सुरक्षितता सगळ्यांच्या यादीत होती आणि कामाच्या वाटणीत कुणाच्याच नव्हती.

शेवटी हललं ते लेखी अर्जानं. कुठल्या तारखेपासून कुठल्या खोल्या वापरल्या ते लिहिलं, मंत्रालयाच्या सूचनेतलं ते वाक्य उतरवलं आणि खाली प्रती लिहिल्या: बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी), आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, एसडीएमसी (शाळा विकास व देखरेख समिती) अध्यक्ष. आवक शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय मी टेबलासमोरून हलले नाही. तोंडी बोलण्याला जे ‘बघूया’ मिळत होतं, ते त्या शिक्क्यानंतर बंद झालं. औषधाचा कॅन आला, दोन माणसं आली आणि सहीचं पत्रही आलं. इतका आनंद मला बढतीच्या ऑर्डरनंही झाला नव्हता.

कॅनवरची टक्केवारी वाचून घ्या. 5 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर एक भाग औषधात चार भाग पाणी घातलं की 1 टक्का होतं, आणि सूचनेत तेवढंच मागितलं होतं. आधी साबणाच्या पाण्यानं धुवा, मग या औषधानं पुसा. संडासच्या ॲसिडमध्ये ते चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. कुणी शेतातला पाठीवरचा पंप आणला तर त्यात तणनाशक भरलं होतं का ते विचारा. आम्ही पंप परत पाठवला आणि पोछ्यानंच पुसलं. आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनी बाकाची खालची बाजूसुद्धा सोडली नाही.

पण खरी गोष्ट कुठल्याच पत्रात नव्हती. रस्त्याकडच्या खिडक्या बंद होत्या. क्वारंटाईनच्या दिवसांत येणारे-जाणारे घाबरायचे, म्हणून कुणीतरी बाहेरून फळ्या ठोकल्या होत्या. पावसाळाभर तशाच राहिल्यानं खिळे गंजून लाकडात बसलेले. कोविड हवेतून पसरतो, बंद खोलीत जास्त पसरतो, आणि कितीतरी महिने रिकाम्या पडलेल्या फरशीपेक्षा त्या बंद खिडक्या मुलांना जास्त धोक्याच्या होत्या. एसडीएमसीच्या अध्यक्षांनी घरून पहार आणली आणि एकेक फळी उचकटली. एका चौकटीचा तुकडाच निघून आला, तिथं आजही सिमेंट लिंपलेलं आहे. पत्रासाठी सगळी दारं ठोठावली, पण खिडक्या उघडतात का हे एकाही कचेरीनं विचारलं नाही.

मुलं दिवसाआड गटागटानं आली. ज्यांचे वडील त्या खोल्यांत राहिले होते, त्यांच्यापासून दूर बसायचं काही मुलं घरून ठरवून आली होती. आम्ही पहिल्याच दिवशी जागा आखून दिल्या, सगळ्यांमध्ये सारखंच अंतर, मग कुणी कुणापासून सरकण्याचा प्रश्नच उरला नाही. तेव्हा एवढ्या एका गोष्टीवर मी हटून बसले आणि बरंच झालं.

25 ऑक्टोबर 2021 ला पहिली ते पाचवीची मुलं आली तेव्हा फाईल तयार होती, फारसं अडलं नाही. ज्यांची शाळा पुन्हा कशासाठी घेतली जाईल, पूर असो की साथ, त्यांनी किल्ली देतानाच चार ओळी लिहून घ्या: कुठल्या खोल्या, किती बाकं, स्वच्छ कोण करणार, विजेचं बिल कोण भरणार. आमच्याकडे त्या महिन्यांचं बिल शाळेच्या नावावर आलं आणि शाळेच्या अनुदानातून भरावं लागलं. परताव्याचा अर्ज पंचायतीत आहे, पोच माझ्या फाईलला आहे, आणि दर मार्चला मी स्मरणपत्र देते.