राष्ट्र, शिक्षण आणि पात्राची कौशल्ये

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून कल्पित पात्रे रंगवण्याच्या खेळाच्या २०१४ सालच्या नियमांत पात्राच्या ताकद, बुद्धी अशा मूलभूत गुणांतील वाढ वंशावरून (मानव, एल्फ वगैरे) ठरत असे, २०२४ च्या नियमांत ती पार्श्वभूमीवर, म्हणजे पात्र कसे घडले आणि काय करत वाढले यावर सोपवली गेली. मला हा बदल मनापासून पटतो, कारण स्वतःचे कल्पित जग रचणाऱ्याला त्यामुळे प्रत्येक राष्ट्रातील शिक्षणाचा विचार करावा लागतो. विद्यापीठे असलेल्या राष्ट्रातील पात्राला पाच कौशल्ये आणि गवताळ प्रदेशातील भटक्या टोळीतल्या पात्राला दोनच दिली, तर तो अन्याय आहेच, शिवाय ते खोटेही आहे. कळप राखणारे आणि तारे पाहून वाट काढणारे मूलही वर्षानुवर्षे शिकतच असते. म्हणून कौशल्यांची संख्या सर्वांना सारखी ठेवावी आणि प्रकार बदलावेत. तरीही समतोल आपोआप साधत नाही, कारण खेळात निरीक्षण या कौशल्यासाठी फासा वारंवार टाकावा लागतो, इतिहास या कौशल्यासाठी मात्र क्वचितच. तेव्हा शिलालेख, जुने तह, वारसाहक्काचे तंटे असे प्रसंग खेळ चालवणाऱ्याने कथानकात मुद्दाम पेरले पाहिजेत. परराष्ट्रात शिकलेल्या पात्राने तेथील एक कौशल्य घेताना मायदेशातील एक सोडावे, एवढा नियम मला पुरेसा वाटतो.