भिंत पडली त्या रात्रीविषयी, तुम्ही विचारलंत म्हणून

“भिंत पडली तेव्हा तुम्ही बर्लिनमध्येच होतात ना? काय वाटलं हो त्या रात्री?” हा प्रश्न मला लग्नकार्यात विचारला जातो, नोव्हेंबर उजाडला की फोनवर विचारला जातो, आणि नात्यातली मुले शाळेच्या प्रकल्पासाठीही तो घेऊन येतात. विचारणाऱ्याला बहुधा उत्तर आधीच ठाऊक असते. माझ्या तोंडून त्याला फक्त दुजोरा हवा असतो, आणि घरात काँक्रीटचा एखादा तुकडा असल्यास तो पाहायचा असतो. मी उत्तर देण्यापूर्वी थोडी थांबले, की त्या थांबण्याचेच अर्थ लावले जातात. एका नातेवाइकांनी तर मला सरळ विचारले, की ती भिंत राहायला हवी होती असे तुमचे म्हणणे आहे का.

असे माझे म्हणणे नाही आणि कधीच नव्हते. आपली माणसे पश्चिमेकडे पळून जाऊ नयेत म्हणून कम्युनिस्ट पूर्व जर्मनीने उभारलेल्या त्या भिंतीपायी बर्लिनमध्ये किमान 140 माणसांचा जीव गेला. 18 वर्षांचा पेटर फेख्टर 1962 च्या ऑगस्टमध्ये गोळी लागून भिंतीच्या पायथ्याशी पडला आणि दोन्हीकडच्या माणसांच्या देखत रक्त वाहून मेला. 20 वर्षांच्या ख्रिस ग्वेफ्रॉयला 1989 च्या फेब्रुवारीत, म्हणजे सगळे संपायला नऊ महिने उरले असताना, गोळ्या घातल्या गेल्या. हे ज्याला माहीत आहे त्याला भिंतीविषयी हळहळ वाटणे शक्य नाही. मग मी थांबते ती कशासाठी, हे सांगायचे तर त्या रात्रीच्याही चौदा वर्षे मागे जावे लागते, आणि तेवढा धीर लग्नाच्या मांडवात कोणाला नसतो.

आम्ही पश्चिम बर्लिनच्या क्रॉयत्सबर्ग भागात, श्प्रे नदीजवळच्या एका गल्लीत राहत होतो. यजमान तंत्रविद्यापीठात संशोधन करत होते, शिष्यवृत्ती बेताची होती, आणि भिंतीने कोपऱ्यात कोंडलेल्या त्या वस्तीत भाडी कमी होती, कारण ज्यांना दुसरीकडे परवडत असे ते तिथे राहायला येत नसत. शेजार बहुतेक तुर्की होता. 13 ऑगस्ट 1961 पर्यंत पूर्वेकडून सुमारे 50 ते 60 हजार माणसे पश्चिम बर्लिनमध्ये कामाला येत. त्या दिवशी भिंतीची सुरुवात म्हणून तारांचे कुंपण घातले गेले तसे त्यांचे येणे एका रात्रीत थांबले. त्याच वर्षी 30 ऑक्टोबरला पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. तो करार केवळ भिंतीमुळे झाला असे मी म्हणणार नाही, पण पश्चिम बर्लिनच्या कारखान्यांतल्या त्या रिकाम्या जागांवर पुढे हीच माणसे उभी राहिली. त्यांच्यापैकीच एक आमच्या समोरच्या घरात राहत होत्या. गल्लीतले सगळे त्यांना अब्ला, म्हणजे ताई, म्हणत, आणि मीही म्हणू लागले. त्या विजेच्या उपकरणांच्या कारखान्यात होत्या. आमची दोघींची मोडकीतोडकी जर्मन एकमेकींना जितकी कळे तितकी इतर कोणालाच कळत नसे.

9 नोव्हेंबर 1989 च्या संध्याकाळी पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते गुंटर शाबोव्स्की यांनी पत्रकार परिषदेत तो कागद वाचला. पूर्वेच्या नागरिकांना पश्चिमेकडे जाऊ देणाऱ्या प्रवासाच्या नव्या नियमांचा तो मसुदा दुसऱ्या दिवशी पहाटे जाहीर व्हायचा होता, हे त्यांना नीट सांगितले गेलेले नव्हते. हे कधीपासून लागू, असे पत्रकारांनी विचारल्यावर त्यांनी कागद चाळला आणि आपल्या माहितीप्रमाणे ताबडतोब, असे उत्तर दिले. मध्यरात्रीच्या सुमारास आमच्या गल्लीत आरडाओरडा ऐकू येऊ लागला. अब्लांनी दार वाजवले, आणि आम्ही दोघी श्प्रेवरच्या, पूर्वेकडे जाणाऱ्या ओबरबाउम पुलाकडे निघालो. पुलावरून माणसे येत होती, काही जणी घरच्या कपड्यांवर कोट चढवून आलेल्या, काही रडत, काही नुसतीच हसत. मी टाळ्या वाजवत होते आणि माझेही डोळे वाहत होते. अब्ला मात्र पुलाकडे पाठ करून काठावरच्या कठड्यापाशी उभ्या राहिल्या आणि पाण्याकडे पाहू लागल्या. मी त्यांना म्हणाले, “अब्ला, आजच्या दिवशी तरी वळून पाहा.” हे वाक्य मी आजही मागे घेत नाही. तो दिवस वळून पाहण्याचाच होता.

त्या वळल्या नाहीत. त्यांनी मला विचारले, की हा नियम एका माणसाने कागद नीट वाचला नाही म्हणून संपला, हे खरे आहे का? मी म्हणाले, रेडिओवर तसेच सांगत आहेत. मग त्या ठिकाणी, त्या गर्दीत, त्यांनी मला चेतिन मेर्त या तुर्की मुलाची हकीकत सांगितली. ऐकलेली मला ती आधीही होती, पण काठावर असलेल्या माणसाकडून पहिल्यांदाच ऐकत होते.

11 मे 1975 रोजी चेतिन पाच वर्षांचा झाला. त्याच दिवशी खेळताना त्याचा चेंडू नदीत गेला, तो काढायला वाकलेला चेतिन पाण्यात पडला. पश्चिमेकडचे पोलीस आणि अग्निशमन दलाचे जवान लवकर पोहोचले, आणि काठावर थांबले. त्या ठिकाणी श्प्रेचे पात्र या काठापासून त्या काठापर्यंत संपूर्ण पूर्व बर्लिनच्या हद्दीत होते. आमच्या बाजूचा काठ पश्चिमेचा, आणि त्याला लागलेले पाणी पूर्वेचे. पाण्यात उतरणाऱ्यावर पूर्वेचे पहारेकरी गोळी झाडतील ही भीती खोटी नव्हती. पूर्वेची बोट आली आणि तिच्यावरच्या पाणबुड्यांनी मुलाला बाहेर काढले, तोवर तो गेलेला होता. अब्ला म्हणाल्या, “त्याच्या आईचा आवाज मी इथे उभी राहून ऐकला. वर्दीतली माणसे माझ्या शेजारी उभी होती. त्यांना पोहता येत होते.”

तो पहिला नव्हता. 1966 ते 1975 या काळात त्या काठावरून पडून पाच मुले बुडाली, आणि 140 च्या आकड्यात ती पाचही धरलेली आहेत, कारण ती भिंतीनेच मेली. मधल्या काळात दोन्ही बाजूंच्या वाटाघाटी सुरू झाल्या होत्या आणि रखडल्या होत्या. चेतिन गेल्यावर तुर्की रहिवासी रस्त्यावर उतरले, आणि 29 ऑक्टोबर 1975 रोजी अपघात झाल्यास पश्चिमेच्या बचावपथकाला पाण्यात उतरता येईल असा करार झाला. मे ते ऑक्टोबर या अवधीत जे जमले ते आधीच्या नऊ वर्षांत का जमले नाही, याचे उत्तर मी पुष्कळ वाचूनही मला पटेल असे मिळालेले नाही.

तुम्ही मला “काय वाटलं” असे विचारता तेव्हा मला हे आठवते. भिंत काँक्रीटची होती, 3.6 मीटर उंच होती, हे मला कोणी सांगायला नको. माझ्या खिडकीतून ती दिसत होती. पण त्या रात्री ती जशी संपली, त्यावरून ती कशावर उभी होती तेही दिसले. बोर्नहोल्मर रस्त्याच्या सीमानाक्यावर हाराल्ड येगर नावाचा पूर्वेचा अधिकारी वरिष्ठांना पुन्हा पुन्हा फोन करत होता, स्पष्ट हुकूम मिळत नव्हता, समोर गर्दी वाढत होती, आणि साडेअकराच्या सुमारास त्याने स्वतःच्या निर्णयाने फाटक उघडले. एका माणसाने हुकमाची वाट पाहणे सोडले आणि 28 वर्षांची भिंत निरर्थक झाली. अब्लांचा प्रश्न एवढाच होता, की हे होऊ शकत होते, तर त्या मे महिन्यात कोणीच वाट पाहणे का सोडले नाही? पूर्वेच्या माणसांनी नाही, आणि पश्चिमेच्याही नाही.

इथे मी त्यांच्याशी भांडले होते आणि आजही भांडते. काठावरच्या जवानाने बंदुकीसमोर उडी घ्यायला हवी होती असे म्हणणे सोपे आहे; ज्याने ती बंदूक रोखली त्याचा दोष त्यामुळे दुसऱ्याच्या माथी जातो. येगरसमोर हजारो माणसे होती, हंगेरीने सप्टेंबरमध्येच पूर्व जर्मनांना पश्चिमेकडे जाण्यासाठी आपली सीमा खुली केलेली होती, पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये 9 ऑक्टोबरला 70 हजार लोक रस्त्यावर उतरले होते आणि गोळीबार झाला नव्हता. 1975 मध्ये यातले काहीही नव्हते. असे मी म्हणते, आणि तरीही “त्यांना पोहता येत होते” या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही.

त्याच आठवड्यात मी आईला साताऱ्याला एक लांबलचक पत्र लिहिले होते. आईने ते जपून ठेवले, आणि तिच्या पश्चात ते माझ्याकडे परत आले. त्यात मी लिहिले आहे, की माणसे एकमेकांच्या गळ्यात पडत आहेत आणि आता कोणी कोणाला परके म्हणणार नाही. ते लिहिणाऱ्या मुलीला मी मूर्ख म्हणणार नाही, कारण गळ्यात पडणारी माणसे तिने खरोखर पाहिली होती. पण पुढच्या दोन-तीन वर्षांत पश्चिम बर्लिनला मिळणारी सरकारी सवलत काढून घेतली गेली, कारखाने बंद होऊ लागले आणि अब्लांची नोकरी गेली. 1991 मध्ये होयर्सवेर्डा आणि 1992 मध्ये रोस्टोक या पूर्वेकडच्या शहरांत परदेशी कामगारांच्या घरांवर जमाव चालून गेले. ज्या बेकरीत आम्ही वर्षानुवर्षे पाव घेत होतो तिथे रांगेतल्या एका गृहस्थांनी अब्लांना विचारले, की आता आम्ही एक झालो आहोत, तुम्ही घरी कधी जाणार? त्यांनी उत्तर दिले नाही, पावाचे पैसे दिले. पत्र लिहिणारी मुलगी मला विचारते, की यात भिंत पडण्याचा काय दोष? मी तिला म्हणते, काहीच नाही. पण आनंद कोणाचा होता आणि हिशेब कोणाच्या वाट्याला आला, हे आईला लिहायचे राहिले.

तर, मला आनंद झाला होता. अब्लांना झाला नव्हता, आणि आम्ही दोघी एकाच काठावर उभ्या होतो. परवा फोनवर त्या पुन्हा म्हणाल्या, की एकाने तरी उडी मारायला हवी होती. मी पुन्हा म्हणाले, की मला ते मान्य नाही.