ज्वालामुखींचं माप: वाळूच्या बाटल्या, गच्चीवरची टाकी आणि यवतेश्वर घाट

मागच्या दिवाळीत सुरू केलेलं काम एका टप्प्यावर आलंय, म्हणून सविस्तर लिहितो. तांबोरा, क्राकाताऊ, टोबा ही इंडोनेशियातल्या ज्वालामुखींची नावं ऐकली की ज्यांचे कान टवकारतात, त्यांच्यासाठी.

कल्पना साधी होती. उद्रेकात बाहेर पडलेला १ घन किलोमीटर माल म्हणजे १ मिलिलिटर वाळू. प्रत्येक उद्रेकाची एक बाटली, सगळ्या एका फळीवर. फिलिपिन्समधला पिनाटुबो (१९९१) १० मिली, क्राकाताऊ (१८८३) २०, तांबोरा (१८१५) १५०, आणि सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या टोबासाठी २,८०० मिलीची मोठी बरणी. फळी भरली, फोटो काढले, आणि आठवड्याभरात लक्षात आलं की माप चुकलंय. ज्वालामुखीची राख हवेनं फुगलेली असते. मी तांबोराच्या लाह्या मोजल्या होत्या आणि टोबाची ज्वारी. टोबाचा आकडा मुळातच घट्ट खडकाच्या हिशोबातला, बाकीचे फुगलेल्या राखेचे. सगळ्या बाटल्या रिकाम्या करून पुन्हा भरल्या. आता तांबोरा ४० मिलीच्या आसपास, म्हणजे अर्धा कप चहा. पिनाटुबो जेमतेम एक चमचा. तुम्ही कुणी असे तक्ते करत असाल तर ही गोष्ट आधी तपासा, माझा महिना गेला.

पण त्या अर्ध्या कपापुढे मी बराच वेळ बसून राहिलो. १० एप्रिल १८१५ ला सुंबावा बेटावरचा हा डोंगर फुटला. अंदाजे ४,३०० मीटरचं शिखर २,८५० मीटरवर आलं. आवाज दोन हजार किलोमीटरहून लांब सुमात्रात पोचला. त्याआधी ५ तारखेला झालेला पहिला स्फोट जावात तोफांसारखा ऐकू गेला आणि तिथल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी चक्क सैन्य हलवलं. पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं बुडाली, अमेरिकेच्या ईशान्य भागात जूनमध्ये बर्फ पडला. हे खडकाचं काम नव्हे, गंधकाच्या वायूचं. म्हणून आता प्रत्येक बाटलीला पिवळी चिठ्ठी लावलीय, सल्फर डायऑक्साइडच्या अंदाजाची. पिनाटुबो दीड-दोन कोटी टन, तांबोरा सहा कोटींच्या आसपास, आणि आइसलँडचा लाकी तब्बल बारा कोटी टन. लाकी म्हणजे शिखर उडवणारा स्फोट नव्हे. १७८३ मध्ये २७ किलोमीटर लांब भेग पडली आणि आठ महिने लाव्हा वाहत राहिला, माझ्या मापानं १५ मिलीच्या आत-बाहेर. विषारी वायूनं गवत नासलं, निम्म्याहून जास्त जनावरं मेली, मग दुष्काळात देशाची पाचवा हिस्सा माणसं. वाळू बघून हे कळत नाही, चिठ्ठी बघून कळतं.

आता मूळ मुद्दा. आपण साताऱ्याची माणसं ज्या काळ्या कातळावर राहतो, त्याची बाटली किती मोठी? दख्खनचा लाव्हा आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. मूळ घनफळाचे अंदाज पाच लाख घन किलोमीटरपासून दहा लाखांच्याही पुढे जातात. माझ्या मापानं, गच्चीवरची हजार लिटरची टाकी. एका रविवारी टोबाची बरणी टाकीशेजारी ठेवली आणि अंगावर काटा आला.

मात्र तिथं थांबलो असतो तर पुन्हा चूक झाली असती. बहुतेक लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, दहाएक लाख वर्षांच्या आत बाहेर आला. भागाकार केला तर वर्षाला १ मिली! लाकीनं आठ महिन्यांत १५ मिली ओतले होते. म्हणजे दख्खन एका धारेत वाहिलेला नाही. एकेका उद्रेकात शेकडो, कधी हजारावर घन किलोमीटर लाव्हा यायचा, आणि मग शांतता. महाबळेश्वर-आंबेनळीच्या थरांशी रासायनिक जुळणी असलेला लाव्हा आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळ सापडतो, हजारेक किलोमीटरवर. इतका लांब जाणारा प्रवाह थेंबाथेंबानं होत नाही.

ती शांतता मोजता येते का, हे बघायला यवतेश्वर घाटात जायला लागलो. लाव्हाच्या दोन प्रवाहांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा दिसतो, त्याला लाल बोल म्हणतात. वरचा लाव्हा येण्याआधी खालचा खडक कुजून, झिजून माती झाली, कुठे राख साचली, आणि मग तिच्यावर नवा लाव्हा आला. पहिल्या फेरीत नऊ प्रवाह मोजले. परवा गवत वाळल्यावर पुन्हा मोजले तर सहाच धरता आले. एकाच प्रवाहाचा वरचा जाळीदार भाग आणि मधला घट्ट भाग मी वेगळे धरले होते.

ही चूक मामांनी दाखवली. मामा चाळीस वर्षं विहिरी खणतात, पुस्तकातलं नाव त्यांना माहीत नाही. मी फोटो दाखवला तर म्हणाले, "अरे, हा वर मांजऱ्या, खाली कातळ. एकच हाय ते. मांजऱ्यात पाणी लागतं, कातळात सुरुंग लावावा लागतो." भोकाभोकांचा, गारगोट्यांनी भरलेला मांजऱ्या म्हणजे प्रवाहाचा वरचा पापुद्रा, जिथं वायूचे बुडबुडे अडकले. त्या दिवसापासून माझा नियम: वर मांजऱ्या, मध्ये कातळ, तळाशी जमलं तर नळीसारखी भोकं, आणि त्याखाली लाल पट्टा. पट्टा नसेल तर प्रवाह वेगळा धरताना घाई करायची नाही.

लोणंद-नीरामार्गे मोरगावलाही जाऊन आलो. कऱ्हा नदीकाठी तिथं टोबाची राख सापडलेली आहे, तीन हजार किलोमीटरहून लांबून आलेली. ती ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की टोबाच्याच कितीतरी जुन्या उद्रेकाची, यावर संशोधकांचा वाद आहे. मला काठावर एक फिकट, पिठासारखा थर दिसला, पण तो तोच का हे ठरवायला भिंग पुरत नाही. खणलं काहीच नाही, फोटो आणि टिपण घेऊन परत आलो. तुम्ही गेलात तरी काठ उकरू नका.

पुढचं काम आंबेनळी घाट. महाबळेश्वरहून पोलादपूरपर्यंत उतरताना हजार मीटरहून जास्त जाडीचा कातळ एकाच रस्त्यावर उघडा पडलेला आहे. कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल बोअर घेतलं, त्यातही किलोमीटरभराहून जास्त बेसाल्ट, म्हणजे हाच काळा कातळ, आणि त्याखाली एकदम ग्रॅनाइट लागला. म्हणजे आंबेनळीत दिसतो तेवढाच डोंगर नाही, पायाखालीही उरलाय. फेब्रुवारीत गवत पुरतं वाळलं की दोन दिवस काढणार आहे, मामांना सोबत घेऊन. त्या घाटातले लाल पट्टे कुणी आधी मोजले असतील तर कोणत्या वळणापासून सुरुवात केली ते मला नक्की कळवा.